जर्मनीत मास्टर्सला गेल्यावर पहिल्या सेमिस्टरला काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑगस्ट-सप्टेंबर आला, व्हिसाचे शिक्के पडायला लागले की हा प्रश्न येतोच: "सगळी कागदपत्रं झाली, आता तिथे गेल्यावर काय केलं म्हणजे या दोन वर्षांचं चीज होईल?" कधी मुलं विचारतात, कधी त्यांचे आईबाबा. तोवर एपीएस सर्टिफिकेट (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) कसं काढायचं, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच मिळते) वर्षाचे 11,904 युरो का भरावे लागतात, हे सारं मुलांना तोंडपाठ झालेलं असतं. विमान उतरल्यानंतरचं मात्र फारसं कुणी सांगत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडे कॉलेज विद्यार्थ्याला हाताला धरून पुढे नेतं. हजेरी, टर्मवर्क, सबमिशन, इंटर्नल, मग हॉल तिकीट. मूल जरा मागे पडलं तर घरी फोन जातो. जर्मन विद्यापीठात यातलं जवळपास काही नाही. बहुतेक लेक्चरना हजेरी नसते, आणि पुष्कळ विषयांत सगळे गुण सेमिस्टरच्या शेवटच्या एकाच परीक्षेवर असतात. त्या परीक्षेला बसायचं तर नाव तुम्हीच नोंदवायचं, तेही वेगळं, विद्यापीठाच्या पोर्टलवर, ठरलेल्या मुदतीत. कोर्सला नाव घातलंय म्हणजे परीक्षेलाही घातलं गेलं, असं समजून बसणारी मुलं दर वर्षी सापडतात. मुदत टळली की विनंतीअर्ज करून सहसा काही होत नाही. उलटही तितकंच खरं आहे: नाव नोंदवलं आणि गेलाच नाहीत, तर बहुतेक ठिकाणी थेट 5.0, म्हणजे नापास. तिथे 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 पासापुरता. परीक्षेच्या दिवशी ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्यायचा आणि तो परीक्षा विभागात लगेच पोचवायचा. तीन दिवसांनी डॉक्टरकडे जाऊन काढलेला दाखला बहुधा चालत नाही.

एटीकेटीचा हिशेब डोक्यातून काढून टाका. बहुतेक विद्यापीठांत एका पेपरला तीनच संधी असतात. विषय सक्तीचा असेल आणि तिसऱ्यांदाही राहिला, तर नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात करायची वाटही सहसा बंद होते. म्हणून पहिल्याच आठवड्यात आपल्या कोर्सची परीक्षा नियमावली आणि मॉड्यूल हँडबुक (प्रत्येक विषयाची माहिती देणारी पुस्तिका) ही दोन कागदपत्रं शब्द न् शब्द वाचा. नियमावली बरेचदा फक्त जर्मनमध्ये असते. भाषांतर करून वाचा, पण वाचा. किती संधी, नाव काढून घ्यायची शेवटची तारीख कोणती, कोणता विषय कशाच्या बदल्यात चालतो, थीसिसला बसण्याआधी किती क्रेडिट लागतात, सगळं तिथे लिहिलेलं असतं. सीनिअरचा सल्ला मोलाचा, पण तो वेगळ्या वर्षीच्या नियमावलीखाली शिकलेला असू शकतो.

आता वेळेचं गणित. एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तास काम, सेमिस्टरला 30 क्रेडिट, एकूण मास्टर्स 120. सहा क्रेडिटचा विषय घेतलात तर तो 180 तासांचा. आठवड्याला चार तास वर्ग धरले तर पंधरा आठवड्यांत होतात 60. उरलेले 120 तास कुठे गेले? ते तुमचे आहेत, आणि वेळापत्रकात कुठेच दिसत नाहीत. ऑक्टोबरमध्ये वेळापत्रक मोकळं मोकळं वाटतं ते यामुळे. मग नाताळची सुट्टी येते, आणि फेब्रुवारीत पेपर दारात उभे. गाईड आणून शेवटच्या आठवड्यात अभ्यास उरकायची सवय इथे नडते, कारण प्रश्न पाठांतरावर नसतात.

या 120 तासांतले सर्वांत मोलाचे तास जातात युबुंगवर. युबुंग म्हणजे लेक्चरला जोडून होणारा सरावाचा तास. दर आठवड्याला गणितांची किंवा प्रश्नांची एक शीट मिळते, ती सोडवायची, मग तासाला चर्चा होते. काही विषयांत या शीटमध्ये ठरावीक गुण मिळाले तरच परीक्षेला बसता येतं, काहींत त्यावर परीक्षेत थोडा बोनस मिळतो. जिथे सक्ती नाही तिथे आपली मुलं सर्रास दांडी मारतात, आणि माझ्या मते हीच पहिल्या सेमिस्टरची सर्वांत मोठी चूक. परीक्षेतले प्रश्न बहुतेकदा याच धर्तीचे असतात. शिवाय दोघा-तिघांनी मिळून शीट सोडवायची पद्धत आहे. जर्मन वर्गमित्राशी ओळख पार्टीत होईल न होईल, शीटवर डोकं लावताना नक्की होते. जुन्या प्रश्नपत्रिका हव्या असतील तर त्या विभागाच्या विद्यार्थी संघटनेकडे, म्हणजे फाखशाफ्टकडे, मिळण्याची शक्यता असते. जाऊन विचारायचं, बस्स.

निकाल लागल्यावर आणखी एक तारीख जाहीर होते: तपासलेला पेपर पाहायची. आपल्याकडे रिव्हॅलसाठी फॉर्म, फी आणि वाट पाहणं असतं. तिथे एका खोलीत पेपर तुमच्या समोर ठेवतात, शेजारी तपासणारा असिस्टंट बसलेला असतो. गुणांची बेरीज चुकली असेल, एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल, तर तिथेच दाखवता येतं. पास झालात तरी जा. कुठे गुण का कापले हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या पेपरला उत्तर कसं मांडायचं ते कळतं. नापास झालात तर जायलाच हवं.

प्रोफेसरांशी बोलायला मुलं बिचकतात. त्यांच्या भेटीची वेळ, श्प्रेखश्टुंडे, वेबसाइटवर दिलेली असते. बऱ्याच ठिकाणी आधी ईमेल करावा लागतो. ईमेलमध्ये नाव, कोर्स, कुठल्या लेक्चरमधली कुठली गोष्ट अडली आणि त्यावर तुम्ही स्वतः काय करून पाहिलं, एवढं पाच ओळींत लिहा. "सर, प्लीज गाइड मी" अशा ईमेलला उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. लेक्चरमध्ये सर चुकले असं वाटलं तरी विचारायला हरकत नाही. तो तिथे उद्धटपणा मानला जात नाही.

नोकरीचा विषय निघतोच, कारण डोक्यावर कर्ज असतं. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. लेक्चरच्या काळात आठवड्याला 20 तासांच्या वर गेलात तर विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या विम्याच्या सवलतीवर पाणी सोडावं लागू शकतं. विद्यापीठातलं हिवीचं काम, म्हणजे प्रोफेसरांच्या हाताखाली असिस्टंट, या 140 दिवसांत धरत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: पहिली परीक्षा होईपर्यंत बाहेरचं काम धरू नका. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो मिळतात. म्युनिकसारख्या महागड्या शहरात तेवढ्यात ओढाताण होते, म्हणून शक्य असेल तर पहिल्या तीन महिन्यांसाठी वेगळी शिल्लक घेऊन जा. गोदामात रात्रपाळी करून दोन विषय राहिले आणि एक सेमिस्टर वाढलं, तर सहा महिन्यांचं भाडं आणि विमा त्या कमाईला गिळून टाकतो. दुसऱ्या सेमिस्टरपासून हिवी किंवा आपल्याच क्षेत्रातल्या कंपनीत वर्कस्टुडंट (शिकता शिकता अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी) म्हणून काम शोधा. पैसेही मिळतात आणि पुढे त्याचंच नाव बायोडेटावर चालतं.

राहिली भाषा. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून पुण्यात जर्मनच्या ए1, ए2 या पहिल्या दोन पातळ्या करून थांबलेली मुलं पुष्कळ. तिथे गेल्यावर विद्यापीठाच्या भाषा केंद्रात जर्मनचे वर्ग फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळतात, पण जागा सेमिस्टरच्या सुरुवातीलाच भरतात, तेव्हा नोंदणी कधी उघडते ते आधीच पाहून ठेवा. ए2 नंतर दर सेमिस्टरला अर्धी पातळी धरली तर शिक्षण संपताना बी2 हाती येतं, आणि इंजिनिअरिंगच्या बऱ्याच नोकऱ्यांना निदान तेवढं लागतं. म्युनिक, फ्रँकफुर्टसारख्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपतीला जरूर जा, मन हलकं होतं. पण घरात चारही जण मराठी असतील तर शहाणपणाने एक ठरवून टाका: आठवड्यातले दोन दिवस तरी जेवण घरी न करता मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, वर्गातल्या मुलांबरोबर.

थीसिसची तयारी चौथ्या सेमिस्टरची म्हणून सोडू नका. कंपनीत थीसिस करायची असेल तर कंपनी मिळून भागत नाही, विद्यापीठातला एक प्रोफेसर परीक्षक म्हणून तयार व्हावा लागतो, आणि कंपनीचा विषय त्यांच्या संशोधनाशी जुळला नाही तर ते नाही म्हणतात. म्हणून आधी प्रोफेसर, मग कंपनीशी करार, आणि या साऱ्याला किमान चार ते सहा महिने धरा. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो, पण त्याचा अर्ज विद्यार्थी परवाना संपण्याआधी करायचा असतो. परदेशी नागरिक कार्यालयांत भेटीची तारीख मिळायलाच कित्येक आठवडे जातात, तेव्हा थीसिस जमा केली त्याच आठवड्यात ती मागून ठेवा.