बैलाचे चारही पाय दिसले पाहिजेत

मामाच्या गावी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात फोटो लावायचे, हे पोळ्यातच ठरलं होतं. गाव भिवापूरच्या अलीकडे, उमरेडच्या रस्त्यावरून थोडं आत. मी नागपुरात वाढले, नोकरीही इथेच. पक्षी, झाडं, वावरं, गुरं यांचे फोटो काढायचा नाद जुना आहे. एरवी अंबाझरी नाहीतर गोरेवाडा, थंडीत उमरेडकडचे तलाव, कधीमधी सफारी. फोटो निघाले की ग्रुपवर टाकायचे, चार अंगठे आणि दोन 'अप्रतिम' मिळवायचे, आणि संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली ते गाडले जायचे. ज्यांच्या गोठ्यात फोटो काढले त्यांच्याच गावात ते कागदावर छापून टांगायचे, हे मात्र मी आधी कधी केलं नव्हतं. कोणाला करावंसं वाटलं तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसतं तो खांदा पळसाच्या पानांनी शेकायचा, हळद आणि लोणी चोळायचं, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." नागपूरचे बहुतेक कॅमेरे या वेळी घरी असतात. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीची मिरवणूक असते आणि सगळी गर्दी तिकडे वळते. माझ्या मते खरे फोटो या आदल्या संध्याकाळचेच. कोणी सजलेलं नसतं, लाउडस्पीकर सुरू झालेला नसतो, धनी आणि बैल दोघंच असतात. कॅमेरा घेऊन बाई गोठ्यात शिरली तरी माणसाचे हात खांद्यावरच राहतात, कारण लोणी वितळायला लागलेलं असतं.

प्रकाशाची मात्र बोंब असते. श्रावण अमावस्या म्हणजे ढग, आणि गोठ्याला दार एकच. आमच्या भागात गवळाऊ जातीचा बैल भेटतो. गाय पांढरीशुभ्र, बैलाच्या मानेवर आणि वशिंडावर राखाडी झाक. कॅमेऱ्याला पांढरं जनावर कळत नाही. चौकटभर बैल असला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो बैलाला मळकट करून ठेवतो. तिथे एक्स्पोजर थोडं वाढवावं लागतं. उलट बैल लहान आणि मागे गोठ्याचा काळोख असला की कॅमेरा काळोख उजळायला जातो आणि बैलाची पाठ चुन्यासारखी जळते. तिथे कमी करावं लागतं. गवळाऊची सगळी शोभा त्या राखाडी झाकेत असते, ती गेली की धनी फोटोकडे पाहतसुद्धा नाही. फ्लॅश मी बंदच ठेवते. दावणीला बांधलेलं जनावर दचकलं तर पळायला जागा नसते, मग ते आपल्यालाच भिंतीशी दाबतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ३२०० पर्यंत नेला, फोटोत थोडे दाणे आले, येऊ दिले.

पोळ्याच्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली जोड्यांची रांग, झुली, शिंगांना बेगड, नवे कासरे, डफडी, झडत्या म्हणजे पोळ्याला म्हणायची गाणी. तोरण तुटलं की बैल उधळतात, म्हणून बाजूच्या ओट्यावर उभी राहिले. ओट्यावरून सगळ्या रांगेची पाठच दिसते, पण हातपाय शाबूत राहतात. यंदा रांगेच्या शेवटी एक ट्रॅक्टरही होता. बोनेटवर झूल, आरशांना फुगे, पूजा करून उभा.

खरी गंमत पुढे निवडीत आली. नागपुरातल्या माझ्या फोटोवाल्या मित्रमंडळींना काही फोटो दाखवले आणि त्यांनी ठसठशीत निवड करून दिली. बैलाचा नुसता डोळा आणि त्यात उमटलेलं गोठ्याचं दार. संध्याकाळच्या आभाळावर शिंगांची काळी आकृती. घुंगरमाळ स्पष्ट आणि मागचं सगळं पुसट. ट्रॅक्टर काढून टाक म्हणाले, फ्रेम बिघडवतो. चांगले फोटो होते, मलाही आवडत होते. मग एका रविवारी लॅपटॉप घेऊन मामाकडे गेले. ओसरीवर मामा, मामेभाऊ आणि शेजारचे काका बसले. काकांची उभी हयात बैलबाजारात गेली आहे.

डोळ्याचा फोटो आला. काका म्हणाले, "हा कोनाचा बैल?" मी म्हटलं, तुमच्याच चुलतभावाचा. "मंग बैल कुठी हाये?"

शिंगांची आकृती आली. "हे त कोनाचेही शिंगं असू शकते."

मग तोरणापाशी घेतलेला एक साधा फोटो आला. बैल आडवा उभा, उजेड सपाट, मागे ग्रामपंचायतीची भिंत. मी तो जवळपास पुसलाच होता. तिघंही पुढे सरकले. काकांनी बोट ठेवून दाखवायला सुरुवात केली. पाठ सरळ आहे, वशिंड पडलेलं नाही, मानेखालची पोळी लोंबत नाही, खूर काळे आणि मिटलेले, शेपटीचा गोंडा जमिनीच्या वर राहिला आहे. "असा काढाव लागते. चारही पाय दिसले पायजे. आपण का मुंडकं विकत घेतो का बापा?"

त्या दिवशी तास-दोन तास मी नुसतं ऐकत होते. एका फोटोत बैलाने मागचा पाय दुमडला होता. मला ती ऐट वाटली होती, काकांनी त्याला लंगडा ठरवून बाद केलं. एका जोडीत उजवा-डावा बदलून उभे होते. कोणता बैल कोणत्या अंगाला जुंपतात हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, तेव्हा तोही बाद. ट्रॅक्टरचा फोटो मात्र मामेभावाने सगळ्यात आधी बाजूला काढला. "ताई, ह्याचे हप्ते चालू हायेत, ह्याले त लावाच लागन."

शेवटी मी दोन भाग केले. व्हरांड्याच्या मुख्य भिंतीकडे काकांच्या पसंतीचे, म्हणजे अख्खी जनावरं, नावानिशी. कडेला माझ्या आवडीचे थोडे. डोळ्याचा फोटो मी हट्टाने ठेवला. काकांना जी दिसते ती बैलाची योग्यता, आणि मला त्या डोळ्यात गोठा दिसला होता, ते मी कशाला सोडू?

छपाईचं थोडं तांत्रिक सांगते, कारण पैसे इथेच वाया जातात. छपाई साधारण ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, धरली तर २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा ६००० बाय ४००० चा फोटो २० बाय १३ इंचापर्यंत नीट जातो. मी १२ बाय १८ घेतले. गावातल्या पोरांनीही मोबाइलवर छान फोटो काढले होते, तेही लावायचे होते. पण ते व्हॉट्सॲपवरून आले की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते, म्हणजे पोस्टकार्डाएवढाच नीट छापता येतो. 'फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव' हे प्रत्येकाला फोन करून समजावलं. दुसरं, लॅपटॉपचा पडदा आतून उजळलेला असतो, कागद नसतो, म्हणून घरी छान दिसणारा फोटो छापून काळवंडतो. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून सगळे फोटो पुन्हा पाहिले, आणि सीताबर्डीतल्या दुकानात आधी चार बाय सहाचे नमुने काढून घेतले. दुकानदार ग्लॉसी घ्या म्हणत होता. व्हरांड्यात ट्यूबलाइट असते आणि ग्लॉसीवर बैलाऐवजी तीच दिसते, म्हणून मॅट घेतले. वरून मॅट लॅमिनेशन, कारण लोक बोट ठेवून बघणार हे ओसरीवरच कळलं होतं.

रानातल्या फोटोंचा प्रश्न वेगळा होता. गाव उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यापासून लांब नाही. शहरात या अभयारण्याचं नाव झालं ते जय वाघामुळे. २०१३ मध्ये तो नागझिऱ्याहून चालत इथे आला, भारतातल्या सर्वात मोठ्या वाघांत त्याची गणना झाली, आणि एप्रिल २०१६ नंतर तो दिसलाच नाही. सफारीत काढलेला एका वाघिणीचा फोटो माझ्याकडे होता. मामीला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "याले पाह्यासाठी पैसे देता तुमी?" मग म्हणाली, कापूस वेचायला आम्ही चौघी-पाचजणी मिळूनच जातो, एकटीदुकटी नाही. तो फोटो मी लावला नाही. वाघावर माझा राग नाही, पण कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांच्या येण्याजाण्याच्या व्हरांड्यात तो कशाला?

रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, लावला. पहाटेचं धुकं, हरभऱ्याचं वावर, कळपाने उभे रोही, पुढचा नर निळसर. नागपुरात या फोटोचं भरपूर कौतुक झालं होतं. मंडईच्या दिवशी त्याच्यासमोर गडीमाणसं थांबली ती तोंड वाकडं करून. धुक्याचं कोणाला काही नव्हतं. "हे कोनाच्या वावरात? कवाचा हाये?" एकाने फोटोतल्या बाभळीवरून शेत ओळखलं, ज्याचं होतं त्याला हाक मारून आणलं, आणि तो म्हणाला, "बाई, हा तवाच देल्ला असता त पंचनाम्याले कामी पडला असता." नुकसानभरपाई मागताना असे फोटो तारीख-वेळेसकट असले तर कामी येतात. तेव्हापासून वावरात रोही किंवा रानडुकरं दिसली की मी ग्रुपच्या आधी मामेभावाला पाठवते, ठिकाणाच्या माहितीसकट.

पक्ष्यांच्या बाबतीत नेमकं उलट करते. फोटोत जीपीएसची नोंद असली तर ती पुसूनच पुढे पाठवते, आणि घरट्याचा फोटो कोणालाच देत नाही. घरट्याभोवती दोन माणसं जरी रोज जाऊन उभी राहिली तरी आई पिल्लांकडे यायला घाबरते, आणि कावळ्यांना पत्ता लागतो तो वेगळाच. मामाच्या गोठ्याच्या आढ्यात पिंगळ्याची जोडी आहे. तिचे फोटो माझ्याकडे आहेत आणि माझ्याकडेच राहतील.

आता मंडई. आमच्या पूर्वेकडच्या भागात भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, त्या दिवशी लेकी-जावई, सोयरेधायरे येतात, दुकानं लागतात, रात्री दंडार हे लोकनाट्य. म्हणूनच हा दिवस धरला. एरवी सोयाबीन काढणी, धान कापणी, कापूस, मिरची यांतून कोणाला सवड नसते. सरपंचांना आणि गुरुजींना आधी भेटून घेतलं. गुरुजींची अट एकच, भिंतीला खिळे नकोत. मग खांबापासून खांबापर्यंत सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लटकवले. दुपारी वारा सुटला तेव्हा एका चिमट्याने भागेना, खालच्या दोन कोपऱ्यांनाही लावले. दोरी छातीच्या उंचीवर बांधली, कारण म्हाताऱ्या आणि पोरं वर मान करून किती वेळ बघणार?

सगळ्यात नाजूक काम होतं फोटोंचा क्रम. पोळ्यात पहिली जोडी मानाची असते आणि तो मान कोणाचा यावर आमच्या गावात पूर्वी अबोले झालेले आहेत. माझ्या रांगेत पहिला कोणाचा बैल लागणार, याची चौकशी दोन दिवस आधी फोनवर सुरू झाली. मामेभावाने तोडगा काढला. बैलांच्या नावांच्या बाराखडीने लावायचे. सर्जा, हिरा शेवटी गेले, पण बाराखडीशी कोण भांडणार? एकाने तरी विचारून पाहिलं, "माह्या बैलाचं आता नाव बदललं त?"

संध्याकाळी चार वाजल्यापासून व्हरांडा भरला. फोटोंसमोर सोयऱ्यांना बैलांची माहिती धनी स्वतः देत होते, माझं तिथे काही कामच नव्हतं. एकाने पोळ्यानंतर जोडी विकली होती. तो म्हणाला, हा फोटो आधी हाती असता तर गिऱ्हाइकाला दाखवून पाच हजार जास्त घेतले असते, आणि तरीही फोटो मागून घेतला. पोरांची गर्दी ट्रॅक्टरपाशी. डोळ्याच्या फोटोपुढे फार कोणी थांबलं नाही. गुरुजी थांबले, आणि सातवीतली एक मुलगी, जिने त्यात दार शोधून काढलं आणि मग दाराबाहेर उभी असलेली मी शोधून काढली. ती मी स्वतःही पाहिली नव्हती.

बायका आल्या त्या स्वयंपाक उरकून, उशिरा. पूर्ण रांग फिरून मामीच्या जाऊबाई म्हणाल्या, "का वं, म्हशीनं का पाप केलं?" बाकीच्या हसल्या आणि मग एकेक सुरू झाल्या. धार आम्ही काढायची, बकऱ्यांना पाला आम्ही आणायचा, कोंबड्या आम्ही राखायच्या आणि भिंतीवर सगळे बैल. एकीची शेळी एका वेळी तीन पिल्लं देते, तिचा फोटो का नाही? कोंबडा कसा आहे ते येऊन पाहा तर खरं. बोलणं खरं होतं. पोळा बैलांचा म्हणून मी बैल काढले, त्यांना ते कारण पटलं नाही आणि त्यांच्यासमोर मलाही ते फारसं भक्कम वाटेना. दंडार सुरू होईपर्यंत माझ्या वहीत एक पानभर नावं झाली, म्हशी आणि शेळ्यांची आणि त्यांच्या मालकिणींची.

रात्री चिमटे काढताना ज्याचा त्याचा फोटो ज्याच्या त्याच्या हातात दिला. छपाईचा खर्च माझा होता. काहींनी पैसे पुढे केले ते घेतले नाहीत, पण भिवापुरी मिरची आणि तांदूळ नाही म्हणता आले नाहीत. रोह्यांचा फोटो ज्याचं वावर त्याने नेला नाही, म्हणाला रोज पाहतोच. तो माझ्या घरी आहे.

डिसेंबरात मी एरवी पट्टकदंब हंसांच्या मागे तलावांवर असते. यंदा पहिले दोन रविवार शेळ्यांना दिले आहेत. एका जाणत्या बाईंनी फोनवर सूचनाही दिल्या आहेत. सकाळी सोडायच्या आधी ये, नंतर त्या हाती लागत नाहीत. तुरीचा पाला दाखवला की मान वर करतात. आणि फोटो काढताना कास दिसली पाहिजे, नाहीतर काढूच नको.