चटके काढा, म्हणाले

मराठी जाहिरातींची कॉपी लिहिणं हे माझं काम. एका तव्याच्या जाहिरातीत बहिणाबाईंची ‘अरे संसार संसार’ घेऊ या, असं क्लायंटनंच सुचवलं तेव्हा मी हरखून गेले. शाळेपासून पाठ असलेली ती ओवी घराघरांत ऐकू जाणार होती.

हक्कांची अडचण नव्हती. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांच्या गाण्यांचं पुस्तक १९५२ साली निघालं. कवीच्या पश्चात प्रकाशित झालेल्या लेखनाला आपल्याकडे प्रकाशनाच्या वर्षानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे मुदत २०१२ अखेर संपली. लोकांच्या कानात बसलेल्या चालीचे हक्क वेगळे, म्हणून ओवी नुसती वाचायची ठरली.

रेकॉर्डिंगला जळगावकडच्या एक ताई आल्या होत्या. पहिल्याच टेकमध्ये ‘आधी हाताला चटके’ म्हणून त्या किंचित थांबल्या, एक श्वास घेतला आणि मग भाकरीवर आल्या. तो श्वास कुणीही शिकवलेला नव्हता. रेकॉर्डिस्टनं काचेआडून अंगठा दाखवला.

तेवढ्यात क्लायंटचे साहेब म्हणाले, “चटके काढा. आपला तवा हात भाजतो असं वाटेल. वीस सेकंदांतही बसेल.”

संसार, तवा, भाकर ठेवायची आणि मधली ओळ उडवायची! मी म्हटलं, “साहेब, ती भाकर चटके सोसूनच मिळालेली आहे. ती ओळ गेली तर बहिणाबाईंचं काय उरलं?”

मग मोबाइलवर लिव्हायसची २००९ची जाहिरात लावली. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनची ‘अमेरिका’ ही कविता, तीही मेणाच्या सिलिंडरवरच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून. आवाज खुद्द व्हिटमनचा मानला जातो. खरखर तशीच ठेवलेली. कृष्णधवल चित्रात ‘अमेरिका’ अशी निऑन पाटी पाण्यात अर्धी बुडालेली. मंदीचे दिवस होते आणि विकायची होती जीन्स, तरी पडझड लपवलेली नाही. मला ती जाहिरात फार मोलाची वाटते.

साहेबांनी शांतपणे पाहिली. “छान आहे, पण वर पटणार नाही,” म्हणाले. मी दोनच पर्याय ठेवले: ओवी पूर्ण घ्या, नाहीतर बहिणाबाईंना सोडा, मी साध्या ओळी लिहून देते. फोनाफोनी झाली आणि ओवी बाद ठरली. वाईट वाटलं, पण अर्धी ओवी टीव्हीवर दिवसभर वाजत राहिली असती तर त्याहून जास्त वाटलं असतं. संध्याकाळपर्यंत नव्या ओळी दिल्या, ताईंनी त्याही मनापासून वाचल्या.

आता कुणी जुनी कविता मागितली, की बजेटचं बोलणं निघायच्या आत मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवते.