सेइझा : बसण्यापेक्षा उठणं अवघड

सेइझा म्हणजे 'योग्य बैठक', गुडघे टेकून टाचांवर बसायची जपानी पद्धत. नाव असं भारदस्त की वाटावं, जपानी माणूस पहिल्यापासून असाच बसत आलाय. पण सामुराईसुद्धा कितीतरी काळ मांडी घालून नाहीतर एक गुडघा उभा ठेवून बसत. असं टाचांवर बसायचं ते देवापुढे, बुद्धापुढे किंवा धन्यापुढे. एदो काळात (१६०३–१८६८) शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, दरबारी रीतीतून ही बैठक पसरली, घरोघरी तातामी, म्हणजे जमिनीवरच्या जाड चटया, आल्या तशी ती रुळली, आणि 'सेइझा' हे नाव सर्वांच्या तोंडी बसलं ते त्यानंतरच्या मेइजी काळात (१८६८–१९१२).

दिसायला हे आपलं वज्रासनच. वेगळेपण आहे ते क्रमात. इआइदोसारख्या (तलवार उपसण्याची कला) युद्धकलांमध्ये डावा गुडघा आधी टेकतात, मग उजवा. उठताना उजवं पाऊल आधी पुढे येतं. गुडघे टेकले की लगेच बसायचं नाही. पायाची बोटं दुमडलेली, टाचा उभ्या, अशा स्थितीत क्षणभर थांबायचं. हिला किझा म्हणतात. मग पावलं सपाट करून टाचांवर टेकायचं. अंगठ्यावर फक्त अंगठा ठेवायचा. नवखे अख्खं पाऊलच दुसऱ्यावर चढवतात, मग घोटा तिरका होतो आणि एकाच पायावर भार येतो. पुरुषांच्या गुडघ्यांत एक-दोन मुठींचं अंतर, बायकांचे गुडघे जवळजवळ. हात मांड्यांवर, बोटं जुळलेली.

पाहुण्याची खरी परीक्षा झाबुतोनवर, म्हणजे चौकोनी उशीवजा आसनावर. यजमानाने 'बसा' म्हटल्याशिवाय त्यावर जायचं नाही आणि त्यावर पाय तर मुळीच द्यायचा नाही. मागे किंवा बाजूला सेइझात बसून, मुठी टेकून, गुडघ्यांनी सरकत वर यायचं. वाकून नमस्कार करायचा तो आसनावरून उतरून, तातामीवर. आसनालाही पुढची बाजू असते बरं का: तीन कडांना शिवण असते, बिनशिवणीची चौथी कड पाहुण्याच्या गुडघ्यांकडे.

मुंग्या मात्र सगळ्यांनाच येतात. पायांतल्या नसा दबतात, रक्तही नीट फिरत नाही. म्हणून अधूनमधून अंगठ्यांची अदलाबदल करावी, भार किंचित पुढे घ्यावा. बधिर पायाने ताडकन उठलात तर पाऊल कुठे पडतंय ते कळत नाही, ते मुरगळून तुम्ही शेजाऱ्याच्या चहात. आधी किझात या, बोटांवर भार घ्या, अंगठे हलवून पाहा, संवेदना आली की मगच उजवं पाऊल पुढे. गुडघे दुखत असतील तर ढुंगणाखाली घ्यायचं छोटं स्टूल मिळतं, ते खुशाल वापरावं. जपानी चहा-समारंभाच्या परंपरेतही उरासेंके या चहा-घराण्याच्या गेन्गेन्साई यांनी १८७२च्या क्योतो प्रदर्शनासाठी खुर्ची-टेबलाची पद्धत काढलीच होती. आणि यजमान 'दोझो ओराकुनी', म्हणजे 'आरामात बसा', म्हणाला की पुरुषांनी मांडी घालावी, बायकांनी पाय एका बाजूला घ्यावेत. त्यात कुणाचा अपमान होत नाही.