गोठणगावपर्यंतची मजल : सामान लादलेल्या सायकलीची नोंद

दिवाळीपासूनच्या माझ्या नोंदी रामटेक, कोंढाळी आणि पुन्हा रामटेक यांच्यापलीकडे गेल्या नव्हत्या, आणि त्यांतील सरासरी वेग ताशी २० वरून २३ किलोमीटरपर्यंत चढला याचेच मला कौतुक वाटत होते. फेब्रुवारीत मागच्या कॅरिअरवर ९ किलो सामान लादून गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळच्या नॉर्गेलिंग या तिबेटी वसाहतीपर्यंत जाऊन आलो, तेव्हा हा आकडा १७ वर उतरला. ज्यांना मोकळ्या सायकलीकडून लांबच्या भटकंतीकडे वळायचे आहे, त्यांना या घसरणीचा हिशेब उपयोगी पडेल असे वाटते.

या वसाहतीची ओळख मला रस्त्यावर नव्हे, तर स्वेटरच्या दुकानात झाली. हिवाळ्यात नागपुरात लागणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांच्या दुकानांतून आमच्या घरची निम्मी थंडी भागते, आणि त्यांतल्याच एका वयस्क बाईंनी, मी डिसेंबरात त्यांच्या गावी सायकलने येतो म्हटल्यावर, हसून सांगितले होते की डिसेंबरात आलात तर आम्ही तुम्हाला इथेच भेटू, गावात नाही. शेती झाली की घरटी माणसे स्वेटर विकायला शहरोशहरी पांगतात आणि लोसार या त्यांच्या नववर्षाच्या सुमारास परततात, हे गणित त्यामुळे कळले आणि जाणे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ठरले. उन्हाची किंमत मोजावी लागणार हे उघड होते.

सायकलीत तीन बदल केले होते. ३२ मिलिमीटरच्या टायरऐवजी ३८ चे बसवले, मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, ११-२८ दात्यांची काढून चढाला हलकी पडणारी ११-३४ ची लावली आणि बाटल्यांचे स्टँड दोनाचे तीन केले. चाक मात्र २८ स्पोकचे जुनेच ठेवले, आणि ती चूक होती.

पहाटे ५ वाजता नागपुरातल्या पारडीहून निघालो. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडेपर्यंत उजाडले होते, आणि तिथून लाखनी व साकोलीपर्यंतचा महामार्ग वर्णन करण्याजोगा नाही. कडेची पट्टी रुंद आहे, ट्रक आपल्या वाटेने जातात, आपण आपल्या. केवळ मोहघाट्याच्या जंगलपट्ट्याविषयी एक सूचना करावीशी वाटते : तिथे वन्यप्राणी रस्ता ओलांडतात, तेव्हा हा टप्पा उजेडातच पार होईल अशा बेताने निघावे. कोहमाऱ्याला महामार्ग सोडून नवेगावबांधकडे वळल्यावर गाडीचा आवाज संपतो आणि स्वतःच्या चेनचा ऐकू येऊ लागतो; माझी चेन कोरडी पडली आहे हे मला तिथेच समजले. सव्वातीन वाजता नवेगावबांधला पोहोचलो, सुमारे १४० किलोमीटर, त्यांतील दोन तास चहा, जेवण आणि सावलीत गेले. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीच्या, भाषेत बोलायचे तर २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात आणि त्यांत थांबेही मोजले जातात; त्या हिशेबाने हा वेग थोडा कमीच पडतो, पण सोबत सामान होते. म्हणून मला त्याची लाज वाटली नाही.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. भोवतालच्या सात टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात आणि कोलू पाटलांना कोलासूर म्हणून देवपण मिळाले आहे. पूर्व विदर्भातील कितीतरी मालगुजारी तलाव ज्या कोहळी समाजाच्या हातचे आहेत, त्यांच्या पूर्वजांना चांद्याच्या गोंड राजाने काशीहून आणले अशी परंपरा आहे. म्हणजे ज्या पाण्याकडे पाहून आपण 'अस्सल झाडीपट्टी' म्हणतो, ते पाणीसुद्धा बाहेरून आलेल्यांनी अडवलेले आहे. पाळीवरून संध्याकाळी सायकल ढकलत चालताना मला हे आठवत होते, जरी खरे सांगायचे तर मांड्या इतक्या दुखत होत्या की इतिहासापेक्षा मिठाच्या गरम पाण्याची ओढ अधिक होती.

दुसऱ्या दिवशी अर्जुनी मोरगावमार्गे गोठणगावला जाऊन-येऊन साठेक किलोमीटर झाले, आणि या सहलीचा गाभा तोच. शाळेच्या वेळेला रस्ताभर निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली सायकलींवर होत्या. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात आणि या भागात त्या रोज वापरल्या जातात, कोपऱ्यात उभ्या राहत नाहीत. त्याचा परिणाम वाहनचालकांवर झालेला जाणवतो. मागून येणारा टेम्पो हॉर्न न वाजवता वेग कमी करतो आणि सायकलीला जागा देऊन पुढे जातो. नागपुरात रंगवलेल्या सायकल-मार्गिकेवर उभ्या केलेल्या मोटारींना वळसा घालणाऱ्याला या वागण्याची किंमत कळेल.

याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर ही पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत, जिथे टपरीवर मराठी, हिंदी आणि बंगाली एकाच वाक्यात ऐकू येतात. त्यानंतर नॉर्गेलिंग येते. १९५९ नंतर तिबेट सोडून आलेल्यांसाठी ही वसाहत १९७२ मध्ये वसवली गेली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. प्रार्थनेच्या रंगीत पताका, मठाचे सोनेरी छत आणि त्याला लागून धानाची कापलेली बांधी, हे दृश्य पहिल्या दिवशी डोळ्यांना पटत नाही. मी थुक्पाचे, म्हणजे तिबेटी नूडल्सच्या सूपचे, दोन वाडगे संपवले. उन्हात घामावाटे गेलेले मीठ आणि पाणी भरून काढायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही, आणि रामटेकच्या वाटेवरच्या पोह्यांचा मी भक्त असूनही हे लिहितो आहे. स्वेटरवाल्या बाई आपल्या ओसरीवर बसलेल्या भेटल्या. नागपुरात माझ्याशी हिंदीत घासाघीस करणाऱ्या त्या इथे शेजारच्या गावातून आलेल्या मजूर बायकांशी आपल्यापेक्षा चांगल्या झाडीबोलीत बोलत होत्या.

तिथून इटियाडोह धरणाकडे जाताना मागच्या चाकात टणकन आवाज झाला आणि रिम ब्रेकला घासू लागली. मागच्या कॅरिअरवरचे सर्व वजन २८ स्पोकवर पडत होते, आणि एक स्पोक हबजवळच्या बाकातून तुटला होता. सुदैव इतकेच की तो डाव्या बाजूचा होता. चेनच्या बाजूचा असता तर कॅसेट काढण्याचे हत्यार लागले असते आणि ते माझ्याजवळ नव्हते. जवळचे दोन सुटे स्पोक घेऊन अर्जुनीपर्यंत सायकल ढकलत, थोडी चालवत आणली. तिथल्या मेकॅनिकने ब्रेकच्या रबरालाच माप मानून पाऊण तासात चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, चाळीस रुपये घेतले आणि एवढ्या महाग सायकलीला एवढ्या कमी तारा का, असे विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. धरण राहिले, आणि प्रतापगडही. एकाच डोंगरावर महादेव आणि दर्गा असलेले ते ठिकाण मी केवळ लांबून पाहिले.

परतीच्या १४० किलोमीटरांत भंडाऱ्यापर्यंत समोरून वारा होता आणि सरासरी १६ वर आली. घरी आल्यावर मागच्या चाकासाठी ३६ छिद्रांची हब आणि रिम मागवली आहे. सामानातील ३ किलो पुढच्या काट्यावर हलवून रामटेकला दोन फेऱ्या करणार आहे आणि प्रत्येक फेरीनंतर स्पोकचा ताण तपासून त्याची नोंद इथे देईन. इटियाडोह आणि प्रतापगड पावसाळ्यानंतर, धान कापणीआधी. बाई तोवर गावातच असतील.