नोट न मोडता : रामबागेतली आमची वाटचाल

आमची चिंचपेटी उलगडली की तिच्यातली नोट वाण्याने बिनबोलता घेतली पाहिजे. इंदूरच्या रामबागेत खऱ्या नोटांना घड्या घालून दागिने करायचं आमचं दुकान या एका हट्टावर उभं आहे.

सुरुवात आईच्या हलव्याच्या दागिन्यांतून झाली. संक्रांत, बोरन्हाण झालं की परात माळ्यावर जायची आणि उरलेलं वर्ष हात रिकामे. एका मुंजीत बटूची आत्या म्हणाली, "पाकिटातला आहेर कपाटात जातो. अंगावर घालता येईल असं काही कर ना." दहाच्या नोटांचे बाजूबंद केले. आत्या देवासच्या, म्हणजे नोटांच्या छापखान्याच्या गावच्या. स्टीलच्या डब्यात नोटा आणायच्या आणि कॅलेंडरच्या पानामागे प्रत्येकीचा नंबर लिहायच्या. कार्य झालं की उलगडून ताळा. आधी मला राग यायचा.

मधली वर्षं सोडते. ८ नोव्हेंबर २०१६. तुळशीची लग्नं तोंडावर, टेबलावर नऊ सेट तयार, त्यातले सहा पाचशे-हजारच्या नोटांचे. हजाराची जुनी नोट १७७ बाय ७३ मिलिमीटर; कमरपट्ट्याला तसा डौल पुन्हा कुठल्याच नोटेने दिला नाही. रात्री आठला टीव्हीवर भाषण लागलं तेव्हा मी शेवटची कडी अडकवत होते. थोड्या वेळात फोन सुरू झाले. "वहिनी, आमचे पैसे सोडवून ठेवा." सकाळपर्यंत 'दागिने' म्हणणारी माणसं!

रात्रभर उलगडत बसलो. घडी घालण्यापेक्षा सोडवायला वेळ जास्त लागतो, ओढली की कोपरा गेलाच. बाबांच्या लाकडी फूटपट्टीचा एक तुकडा आहे माझ्याकडे, कडा काचपेपरने घासलेल्या. घड्या त्यानेच बसवते, त्या रात्री त्यानेच मोडल्या. नऊच्या नऊ ऑर्डरी रद्द झाल्या, इसार परत केला. माझ्या भागीदारणीने त्याच आठवड्यात हात वर केले. मीच तिला घड्या शिकवल्या होत्या. दोन महिन्यांनी जेल रोडकडे तिची पाटी लागली : 'इंदुरातले पहिले नोट-दागिने'. पहिले! त्यात गोंद आणि स्टेपलर. तिच्याकडच्या हारांच्या पिना काढायला लोक आता माझ्याकडे येतात. नाही म्हणत नाही, पिनेमागे एक रुपया घेते.

रिझर्व्ह बँक नोटांचे हार करू नका म्हणते, ते मला कोणी नव्याने सांगू नये. बँकांना गड्डीलासुद्धा स्टेपल मारायची मनाई आहे. म्हणूनच आमच्याकडे सुई नाही, गोंद नाही. कडीत कडी अडकते आणि दोरा घडीच्या पोटातून जातो.

दुकान बंद करायच्या बेतात होतो तेव्हा आत्या डबा घेऊन आल्या. आत २०१५ मध्ये पुन्हा निघालेल्या एक रुपयाच्या नोटांची कोरी गड्डी, ओट्यांसाठी जपलेली. "शंभर रुपयांत नवरी सजव." ९७ बाय ६३ची एवढीशी नोट, चिमट्याशिवाय शेवटची घडी बसेना. पण तन्मणी असा झाला की मांडवातूनच तीन बायकांनी फोन केले. तिथून गाडी रुळावर आली.

आता नव्या नोटांचं. चिंचपेटीला दोन चौकोन पुरे बसायला १२६ बाय ६३ लागतं. जुनी दहाची १३७ होती, नवी १२३ आहे, तीन मिलिमीटर कमी पडते. विसाची १२९, तीन जास्त. जास्तीचं आत दुमडता येतं, कमी पडलेलं कुठून आणणार? तेव्हा चिंचपेटी विसाची, दहाचे गोंडे. व्हिडिओतल्या घड्या बहुतेक डॉलरच्या असतात, तो १५६ बाय ६६. त्या पाहून आमच्या नोटेवर हात चालवू नका. नखाने घडी दाबू नका. इस्त्री तर मुळीच नको. आणि शंभरची जांभळी नोट डाळिंबी शालूवर मरते, तिथे दोनशेची पिवळी घ्या. मापं डोक्यात नसतील तर हा धंदा काढू नये, हे मी भाचीलाही सांगितलं. तिने ऐकलं नाही.

आत्यांचा मागच्या मुंजीचा डबा अजून इथेच आहे. नंबरांचा ताळा केला तर विसाची एक नोट जास्त निघाली, यादीत तिचा नंबरच नाही. त्या म्हणतात ती माझी, मी म्हणते त्यांची. सध्या फूटपट्टीखाली ठेवली आहे.