महापालिका रोखे काढते तेव्हा आधी हिशेब निघतात

मुंबईचा १८८८ चा महापालिका कायदा ठाणे आणि नवी मुंबईला लागू नाही. इथे चालतो तो १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्यामुळे रोख्यांसाठी, म्हणजे गुंतवणूकदारांकडून व्याजाने कर्ज उभारण्यासाठी, महासभेचा ठराव तर हवाच, शिवाय राज्य सरकारची पूर्वमंजुरीही हवी. ठराव झाला म्हणजे कर्ज मिळाले, असे नाही.

त्यानंतर रोखेबाजाराची नियामक संस्था सेबीचे २०१५ चे नियम. गेल्या तीन आर्थिक वर्षांचे लेखे नॅशनल म्युनिसिपल अकाउंट्स मॅन्युअल (महापालिकांच्या हिशेबाची राष्ट्रीय नियमावली) किंवा राज्याने स्वीकारलेल्या तशाच पद्धतीने ठेवलेले हवेत. त्यांतल्या एका तरी वर्षी उत्पन्न खर्चापेक्षा जास्त असावे आणि गेल्या ३६५ दिवसांत कोणतेही कर्ज थकवलेले नसावे. गाडी अडते ती इथेच. रोखीच्या पद्धतीने, म्हणजे पैसा हाती आला-गेला तेव्हाच, लिहिलेले हिशेब दुहेरी नोंदीत आणायचे तर बँक ताळमेळ, मालमत्ता कराची थकबाकी, ठेकेदारांच्या अनामत रकमा, सगळे उकरावे लागते. ते पतमानांकनाच्या, म्हणजे कर्ज फेडण्याची ऐपत तपासून श्रेणी देण्याच्या, तोंडावर करायला घेतले की वेळापत्रक कोलमडलेच म्हणून समजा.

अडण्याची दुसरी जागा एस्क्रो खात्याची, म्हणजे रोख्यांची परतफेड करण्यासाठी राखलेल्या बँक खात्याची. मालमत्ता कराची वसुली आधी या खात्यात येते, व्याज-मुद्दलाचा वाटा बाजूला पडतो, उरलेले महापालिकेला. पण करभरणा वर्षभर सारखा होत नाही. सवलतीच्या महिन्यांत आणि मार्चअखेरीस पैसा येतो, मधे ओहोटी. म्हणून वाटा दरमहा वळता व्हावा. व्याजाच्या तारखेच्या आठवडाभर आधी जमवाजमव करणे धोक्याचे. हाच कर जुन्या कर्जाला तारण दिलेला असेल, तर त्या कर्जदात्याचे ना-हरकत पत्र आधी मिळवावे. ते शेवटच्या आठवड्यात मागणाऱ्यांना काय म्हणावे!

पुण्याने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी उभारले, ७.५९ टक्क्यांनी, १० वर्षांसाठी. २०० हा आकडा नंतरही बऱ्याच ठिकाणी दिसतो. कारण अमृत या केंद्राच्या शहरविकास योजनेत दर १०० कोटींमागे केंद्राचे १३ कोटी प्रोत्साहन होते, तेही २०० कोटींपर्यंतच.

बहुतेक रोखे खासगी विक्रीने बँका आणि विमा कंपन्यांकडे जातात. इंदूरने २०२३ मध्ये सौर प्रकल्पासाठी थेट जनतेला विकले. तिथे किमान १०,००० रुपये गुंतवता येत होते. असे रोखे कधी ठाण्यात निघाले, तर घेण्याआधी व्याजावरचा कर पाहा. महापालिकेचा रोखा म्हणून व्याज आपोआप करमुक्त होत नाही, त्यासाठी केंद्राची वेगळी अधिसूचना लागते.