टोपीचं भोक

आजोबांचं कापडाचं दुकान होतं. त्यांना आलेली व्यापाऱ्यांची कार्डं माडीवरच्या ट्रंकेत अजून आहेत, तारेत ओवलेली. मजकूर सगळा धंद्याचा: लट्ठ्याचे चार तागे रवाना केले, मागील बाकी पाठवावी, कळावे, लोभ असावा. मग जागा संपली की कार्ड आडवं धरून कडेला बारीक अक्षरात, 'यंदा आंब्याला मोहोर कसा?' मी ती कार्डं काढतो ती या कडा वाचायला.

असाच एक कापडवाला अलीकडे माझ्या वाचनात आला. पीटर कॉलिन्सन, जन्म १६९४, लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवर पेढी, अमेरिकेतल्या वसाहतींशी कापडाचा व्यापार. धर्माने क्वेकर, म्हणजे साधेपणाचं व्रत पाळणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. ही मंडळी शपथ घेत नसत, कुणासमोर टोपी काढत नसत आणि लहानथोर सगळ्यांशी एकेरीत बोलत. आपल्याकडे पेशवाईतली पत्रं 'राजश्री' आणि 'गोसावी यांसी' म्हणत नमस्कारातच निम्मी होत होती, तेव्हा हे लोक थेट 'मित्रा, तू' म्हणून सुरुवात करत.

कॉलिन्सनला बागेचं वेड होतं. फिलाडेल्फियाजवळ जॉन बार्ट्रम नावाचा एक शेतकरी होता, तोही क्वेकर. तो जंगलं तुडवून बिया गोळा करायचा, पेट्या भरून लंडनला पाठवायचा. पेटीत साधारण शंभर जातींच्या बिया, किंमत पाच गिनी. गिऱ्हाईकं कॉलिन्सनने जमवलेली, त्यात ड्यूक आणि लॉर्डसुद्धा. पेट्यांना उंदरांची भीती, युद्ध पेटलं की शत्रूच्या जहाजांची. तरीही अमेरिकेतली कितीतरी झाडंझुडपं या टपालाने विलायतेच्या बागांत जाऊन रुजली.

आता पत्रं. १७३७ मध्ये बार्ट्रम बिया शोधायला व्हर्जिनियाला जायच्या बेतात होता, तर कॉलिन्सनने त्याला बजावलं: पाठवलेल्या कापडाचे कपडे शिवून घे आणि तेच घालून जा, तुझी नि माझी शोभा करू नकोस. माझ्याकडे तू कसाही आलास तरी मला तू तितकाच प्रिय. पण हे व्हर्जिनियाचे लोक नीटनेटके, माणसाच्या आतल्यापेक्षा बाहेरचं जास्त बघणारे. साधेपणाचं व्रत घेतलेला माणूस हे लिहितो! व्रत धर्माचं खरं, पण धंदा शेवटी कापडाचा.

आणि याच माणसाने बार्ट्रमला स्वतःची वापरलेली टोपी भेट पाठवली. तिला भोकं निघाली. बार्ट्रमनेही भीड न ठेवता तसं कळवलं. त्यावर कॉलिन्सनचं उत्तर: होती काठाला एकदोन बारीक भोकं, पण अस्तर नवं होतं. दुसऱ्याला देऊन टाकण्यापेक्षा परत पाठवली असतीस, तर गावाकडे पावसात घालायला मला आणखी दोनतीन वर्षं चालली असती. हे वाचून मी मोठ्याने हसलो. आजोबा जुन्या धोतराचा पंचा, पंच्याचं फडकं आणि फडक्याची कंदिलाची वात करायचे. त्यांचं आणि या माणसाचं झकास जमलं असतं.

एकदा बार्ट्रमने मातीत पुरून कासवाची अंडी पाठवली. पेटी जहाजावरून घरी आणली त्याच दिवशी कॉलिन्सनने सहज झाकण उघडलं, तर मातीतून एक इवलंसं डोकं वर आलेलं. बघता बघता माती आणखी एकदोन ठिकाणी हलली. काही तासांत आठ पिल्लं बाहेर! एवढा मोठा अटलांटिक ओलांडून अंडी लंडनमध्ये फुटली, तीही अगदी झाकण उघडायच्या वेळेला.

मोठी कामंही याच टपालातून होत. फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयाची लंडनमधली खरेदी कॉलिन्सन बघायचा. तिथे त्याने विजेच्या प्रयोगाची एक काचेची नळी पाठवली आणि बेंजामिन फ्रँकलिन तिच्या नादी लागला. त्या प्रयोगांची फ्रँकलिनने कॉलिन्सनला लिहिलेली पत्रं १७५१ मध्ये लंडनला छापली गेली. पेनसिल्व्हेनिया या आपल्या वसाहतीतल्या राजकारणाची खबरबातही फ्रँकलिन त्याला लिहायचा. १७५७ मध्ये फ्रँकलिन वसाहतीची बाजू मांडायला लंडनला आला, तेव्हा हॅनबरी नावाच्या दुसऱ्या क्वेकर व्यापाऱ्याचा निरोप त्याला कॉलिन्सननेच पोचवला आणि त्यातून त्याची बड्या दरबारी माणसाशी, लॉर्ड ग्रॅनव्हिलशी, गाठ पडली. १७६५ मध्ये बार्ट्रमला राजाचा वनस्पतितज्ज्ञ म्हणून वर्षाला पन्नास पौंड मिळू लागले, त्यामागेही कॉलिन्सनची खटपट होती. माझ्या मते वशिला हा शब्द इथे वापरायला हरकत नाही.

१७६८ मध्ये कॉलिन्सन गेला. पस्तीसेक वर्षं दोघांनी एकमेकांना बिया, कापड, कासवं आणि टोमणे पाठवले. प्रत्यक्ष भेट मात्र एकदाही नाही. मग ती टोपी बार्ट्रमच्या डोक्याला बसेल, हे कॉलिन्सनने कशावरून ठरवलं असेल?